आधी पकड बसू दे

पोरी, पाचोळ्याच्या खताची टाकी लावतेस ते छान झालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात गल्लोगल्ली पानांचे ढीग पेटवतात, ते पाहून जीव कळवळतो. टाकीत काय घालायचं ते तुला कुणीही सांगेल. आत काय घडतं ते मी सांगते, म्हणजे अडलं की तुझं तुलाच सुचेल.

पानं कुजवणाऱ्या बुरशीला तोंड नसतं. ती विकरं, म्हणजे एन्झाइम, अंगाबाहेर सोडते, त्यांनी पानातल्या सेल्युलोजची साखर केली की ती विरघळलेली साखर शोषून घेते. पण सेल्युलोज स्वतः पाण्यात विरघळत नाही, म्हणून विकराला त्याच्यापाशी जाऊन त्याला धरून बसावं लागतं. ट्रायकोडर्मा रीसाय नावाच्या बुरशीचं मुख्य विकर बघ. त्याला एक छोटा तुकडा असतो, जेमतेम 36 अमिनो आम्लांचा. त्याची एक बाजू सपाट असते आणि ती सेल्युलोजला चिकटते, सिंहगडाच्या गोष्टीतली घोरपड कड्याला चिकटते तशी. तिच्यामागे लवचीक दोर, आणि दोराच्या टोकाला विकराचा मोठा भाग. त्यात एक बोगदा असतो. सेल्युलोजची साखळी त्यात शिरते आणि साखरेची जोडी-जोडी तुटून बाहेर पडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं कापडी सामान कुजत होतं, तिथून ही बुरशी मिळाली. आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही 1980च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीच्या अशाच विकरांवर काम झालं.

तेव्हा तुझं काम एकच, पकडीला जागा करून देणं. आंब्याची, वडाची पानं जाड आणि मेणचट असतात. ती पोत्यात भरून वर नाच, चुरा होऊ दे. गुलमोहर, सोनमोहराच्या पर्णिका तशाच घातल्या तरी चालतात. मग चुरा रात्रभर भिजव आणि निथळून घे. मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. पाणी साचलं की हवा कोंडते आणि वास सुटतो.

टाकीत राख किंवा चुना घालू नकोस. वास मारायला लोक सर्रास घालतात, पण ही विकरं थोड्या आंबटपणातच नीट काम करतात. आणि विकर म्हणजे प्रथिन, त्याला नत्र लागतं. वाळल्या पानात ते फार थोडं असतं, म्हणून हिरवा कचरा, भाजीची देठं, शेण यांचा थर मधूनमधून हवाच. ऊसवाले पाचट कुजवताना टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक टाकतात, त्यातला युरिया याच नत्रासाठी.

आता लिग्निन. काटक्या, करवंट्या यांचा तो कडकपणा. विकरं त्यालाही चिकटतात, पण तिथं त्यांना खायला काहीच नसतं, नुसती अडकून पडतात. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचा कारखाना 2022 साली सुरू झाला. अशा कारखान्यातही पेंढ्याची वीण आधी उकलावी लागते, विकरं नंतर. तुझ्याकडे तसली यंत्रं नाहीत, पण धिंगरी अळिंबी मदतीला येईल. ती लिग्निनही फोडते. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचं प्रशिक्षण मिळतं. तिथं शिकलेल्या एखाद्या उत्पादकाकडून पीक काढून झालेला पेंढा माग. तो आधीच सैल झालेला असतो, टाकीत मिसळ. काटक्या मात्र वेगळ्याच ठेव, त्यांना वर्षही लागेल.

एक नीट ऐक. उद्या स्वतः धिंगरीच्या पिशव्या भरल्यास तर टाकीसाठी आणलेली ट्रायकोडर्माची भुकटी त्या खोलीत नेऊ नकोस. टाकीतली हीच मैत्रीण पिशवीत हिरवी बुरशी होऊन सगळं पीक खाते. हात धुऊन, कपडे बदलूनच पिशव्यांकडे जा.

रोज ढवळायचं नाही, तंतू तुटतात. पंधरवड्यातून एकदा पुरे. आणि मृगाच्या आत टाकीवर पत्रा टाक, बाजूच्या जाळ्या मोकळ्या ठेव. पावसाची धार थेट आत गेली तर साखर आणि नत्र दोन्ही वाहून जातात.