सही करण्याआधी तार काढून पाहा

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. त्यातलंच आमचं एक, चेन्नईच्या सावकारपेठेत. जुनं सोनं आटवायचं, टंच काढायचा, चोख करून द्यायचं. कांचीपुरम, वेल्लूर, तिरुवल्लूरचे सराफ सकाळपासून फोन करतात आणि भाव तोंडीच पक्का होतो. कागद मागाहून येतो. आमचा सगळा व्यवहार फोनवरच्या शब्दावर उभा आहे.

दुकान, भट्टी आणि हिशेबाची खोली एकाच नंबरावर यावीत म्हणून आम्ही इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा घेतली. कंपनीच्या माणसाने दाखवलेल्या सगळ्या सोयी खऱ्या होत्या: प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग, मोबाइलवर अ‍ॅप, कमी बिल. पण यंत्रणा अडली की काय होतं, यावर तो एक शब्द बोलला नाही. ते आम्हाला वापरता वापरता कळलं. तुम्हाला ते आधीच कळावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला त्रास आवाजाचा. दुपारी धंद्याच्या ऐन वेळी बोलणं तुटायचं. तमिळमध्ये साठ म्हणजे ‘अरुबदु’ आणि सत्तर म्हणजे ‘एळुबदु’. सुरुवातीचं अक्षर गळलं की ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. ग्रॅममागे दहा रुपयांचा फरक, सौदा दोनशे ग्रॅमचा. एका जुन्या गिऱ्हाइकाशी यावरून वाद झाला. रेकॉर्डिंग लावून ऐकलं, तर तेच अक्षर तिथेही गायब! दोन हजार रुपये आम्ही सोसले, पण त्या माणसाच्या मनात आलेली शंका निघायला फार वेळ लागला.

इंटरनेटचा वेग वाढवा, असं कंपनी सांगत राहिली. वाढवला, तरी आवाज तुटतच राहिला. खरं तर एका कॉलला जायला आणि यायला प्रत्येकी सेकंदाला साधारण नव्वद किलोबिट पुरतात. म्हणजे अडचण वेगाची नव्हतीच. दुकानातले कॅमेरे त्याच लाइनवरून चित्रण वर चढवत होते आणि आवाज त्यांच्यामागे रांगेत अडकत होता. शेवटी नेटवर्कचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम लावून दिला आणि त्याच दिवसापासून बोलणं स्वच्छ झालं. म्हणून यंत्रणा घेण्याआधी तिची चाचणी गर्दीच्या वेळी, सगळे कॅमेरे आणि संगणक चालू ठेवून घ्या. आवाज एका बाजूने पोचायला 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, आणि आवाजाच्या तुकड्यांची वाटेत हरवणारी पाकिटं एक टक्क्याच्या आत असावीत. हे आकडे कंपनीकडून लेखी मागा. सर्व्हर भारतात आहे की परदेशात, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

दुसरा धडा 2023 च्या डिसेंबरातला. मिचाँग चक्रीवादळाच्या पावसाने चेन्नई पाण्यात गेली आणि आमच्याकडची वीज गेली. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच 48 व्होल्टची वीज मिळायची. घरात अंधार असला तरी तो साधा फोन चालायचा. इंटरनेटच्या फोनचं तसं नाही. फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन या चौघांनाही वीज लागते. एकाची गेली की सगळं बंद. आमचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांना जोडलेला होता, फायबरच्या डब्याला नाही. मोबाइलवर कॉल वळवण्याची सोयही कंपनीने दुकानातल्या यंत्रातच बसवली होती, त्यामुळे यंत्राबरोबर तीही बंद पडली. ज्यांचं सोनं आमच्या भट्टीत होतं, ते सराफ फोन लावत होते आणि त्यांना काहीच उत्तर मिळत नव्हतं. त्यांच्या जिवाला किती घोर लागला असेल, ते नंतर त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं.

त्या चारही वस्तूंना वीज फारशी लागत नाही. एक छोटा यूपीएस त्यांच्यासाठी वेगळा ठेवा. कॉल वळवण्याची सोय कंपनीच्या सर्व्हरवर लावून घ्या आणि ती दोन वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांच्या नंबरांवर जाऊ द्या. अशा पावसात एका कंपनीचं नेटवर्क गेलं, तर दुसरीचं मिळण्याची आशा राहते.

तिसरी गोष्ट नंबराची. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, ही सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे. लँडलाइनला ती नाही. ‘044 चा तुमचा जुना नंबर तसाच आणून देतो’ असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुनी लाइन सोडू दिली नाही. आज तिच्यावरचे कॉल आम्ही नव्या नंबरावर वळवतो आणि पिढीजात गिऱ्हाईक टिकून आहे. नवा नंबर मध्यस्थाच्या नावावर नको, आपल्या पेढीच्या नावावर आणि आपल्या कागदपत्रांवरच घ्या. नाहीतर मध्यस्थ बदलला की नंबरही गेला.

इंटरनेटचा कॉल साध्या फोनच्या जाळ्याला जोडायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. परवाना कोणत्या कंपनीचा आहे, हे नाव घेऊन विचारा. परदेशी कॉल कवडीमोलाने देणारे काही जण सिम बॉक्सवर, म्हणजे एकाच वेळी अनेक सिम चालवणाऱ्या यंत्रावर, बेकायदा एक्स्चेंज चालवतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. परदेशी कॉल लागत नसतील तर ते बंदच ठेवा. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. चोर रात्रीतून यंत्रणेत शिरून परदेशी कॉल लावतात आणि बिल मालकाच्या नावावर येतं.

वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका. सुरुवातीला महिन्याच्या बोलीवर घ्या. करार सोडताना रेकॉर्डिंग परत कसं मिळेल, रविवारी रात्री फोन बंद पडला तर चेन्नईतलं कोण येईल, हे करारात लिहून घ्या. कॉल रेकॉर्ड होतो आहे, हे समोरच्याला आधी सांगा. फोन उचलताच वाजणारी सूचना तमिळमध्ये आणि थोडक्यात असू द्या. कांचीपुरमचा सराफ लांबलचक इंग्रजी ऐकत थांबत नाही.

आणि सही करण्यापूर्वी, कंपनीच्या माणसासमोर, आधी इंटरनेटची तार काढा. मग विजेचा मुख्य स्विच बंद करा. दोन्ही वेळा बाहेरून कुणालातरी आपल्या नंबरावर फोन करायला सांगा. कॉल कुठेतरी वाजला आणि कुणीतरी तो उचलला, तरच पेन हातात घ्या. ही चाचणी द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या हाती आपल्या गिऱ्हाइकांचा विश्वास सोपवू नका.