प्रकाशांतून उपजणारे विचित्र कण

प्रकाशाच्या आघातानें नवे जड कण जन्मास येतात, असें कोणीं सांगितल्यास पुष्कळांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत न्यूपोर्ट न्यूज येथें जी जेफर्सन प्रयोगशाळा आहे, तेथील ‘क्लास’ नामक यंत्रानें २०१२ पर्यंत हेंच कार्य वर्षानुवर्षें केलें.

प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचें केंद्र. त्यावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आदळला असतां प्रोटॉन नाहींसा होऊन त्याजागीं लॅम्डा व केऑन ही जोडी उपजूं शकते. लॅम्डा प्रोटॉनच्याच कुळांतला, म्हणजे बॅरिऑन. हे कण जन्मतात तत्काळ, मरतात मात्र त्या मानानें फार सावकाश. म्हणून त्यांस ‘विचित्र’ म्हणूं लागले. (लॅम्डाचें हें ‘दीर्घायुष्य’ सेकंदाच्या सुमारें चारशें कोटींव्या भागाएवढें!) लॅम्डामध्यें एक विचित्र क्वार्क असतो व केऑनमध्यें त्याचा प्रतिकण, जमेस खर्च मिळतो, यास्तव ते जोडीनेंच येतात.

आतां वही उघडा. दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें माप घेतल्यास लॅम्डाचें वस्तुमान १११६ व केऑनचें ४९४, बेरीज १६१०. प्रोटॉनचे ९३८ वजा जातां ६७२ उरतात. तर मग ६७२ ऊर्जेचा फोटॉन पुरे ना? पुरत नाहीं, ९११ लागतात. फोटॉन धांवत येतो, आणि त्याचा संवेग नष्ट होत नाहीं. तो पत्करून नव्या जोडीस पुढें जावेंच लागतें. वरचे २३९ त्या चालीचा खर्च होय.

फोटॉनची ऊर्जा मोजावी कशी? तो चुंबकानें वळत नाहीं. येथें योजलेली युक्ति मला फार आवडते. इलेक्ट्रॉनांचा झोत सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर सोडतात. एखादा इलेक्ट्रॉन तेथें फोटॉन टाकून मंदावतो. त्याची मूळ ऊर्जा ठाऊक असते, उरलेली चुंबकांतील वळणावरून कळते. वजाबाकी केली कीं झालें! पुढें तो फोटॉन द्रवरूप हायड्रोजनवर आदळतो.

लॅम्डा यंत्रापर्यंत पोंचण्यापूर्वींच मोडतो. केऑन पोंचतो. एकूण ऊर्जा व संवेग यांतून त्याचा वांटा वगळला कीं न दिसलेल्याचें वस्तुमान हातीं येतें. असंख्य टकरींचा आलेख काढल्यास १११६ वर शिखर उभें राहतें, आणि ११९३ वर दुसरें. तें सिग्मा नामक भावंडाचें.

एवढा खटाटोप कशासाठीं? क्वार्क-सिद्धान्ताप्रमाणें प्रोटॉनच्या जितक्या उत्तेजित अवस्था असाव्यात, तितक्या पायॉनांच्या झोतानें सांपडल्या नव्हत्या. सिद्धान्त खोटा, कीं शोधाची रीत अपुरी? लॅम्डा-केऑनच्या मार्गानें १९०० च्या आसपासची एक अवस्था पक्की ठरली, यावरून रीतच अपुरी होती असें मला वाटतें. तथापि अनेक अवस्थांचा पत्ता अद्याप नाहीं, आणि क्लासच्या जागीं उभारलेलें नवें यंत्र तेथें कामास लागलें आहे.