कोचची तब्येत: अकॅडमीच्या हिशेबात राहून गेलेला रकाना



क्रिकेट अकॅडमी, जिम किंवा कबड्डीचे वर्ग सुरू करायचे म्हटलं की आपण नेट, मॅट, भाडं, जाहिरात असा सगळा खर्च वहीत मांडतो. एक रकाना मात्र कोरा राहतो, तो म्हणजे कोचची तब्येत. छोट्या अकॅडमीत मालकही तुम्हीच आणि कोचही तुम्हीच. तुम्ही आजारी पडलात की फी थांबते, भाडं आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही.

"सर, मी रोज ग्राउंडवर असतो, मला काय होणार?" असं तुम्ही म्हणाल. नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्याच शहरात, गरवारे स्टेडियमवर, 35 वर्षांचा एक फलंदाज छातीत आणि हातात दुखतंय म्हणून खेळ सोडून निघाला आणि कोसळला. तो वाचला नाही. खेळणाऱ्याचं हे असं होऊ शकतं, तर आपण कोच मंडळी बऱ्याचदा खेळतही नाही. शिट्टी घेऊन दोन तास उभं राहणं हा मुलांचा व्यायाम झाला, आपला नाही.

आता वजनकाट्याची गंमत बघा. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना छापून आली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपण भारतीय दिसायला सडपातळ असलो तरी पोटाच्या आत चरबी साठलेली असू शकते. हीच चरबी साखर, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढवते.

म्हणून काट्यासोबत टेप वापरा. श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घ्या. पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि महिलांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरा. बीएमआय 23 च्या वर गेला की सावध व्हा.

अकॅडमीच्या बजेटमध्ये आजच या चार गोष्टी लिहा:

1. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांकडे जायचंच.
2. आठवड्याला किमान 150 मिनिटं स्वतःचा व्यायाम, शिट्टी खिशात ठेवून.
3. तुमच्या गैरहजेरीत बॅच घेईल असा एक सहायक तयार करणं.
4. सगळ्या स्टाफला सीपीआरचं प्रशिक्षण: छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब. भिंतीवर 108 नंबर मोठ्या अक्षरात.

आणि छातीत दुखलं, दरदरून घाम आला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणत बॅच पूर्ण करू नका. लगेच 108 ला फोन करा.

आजचा गृहपाठ: टेप घ्या, कंबर मोजा आणि तो आकडा हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. भांडवल म्हणजे फक्त बँकेतले पैसे नव्हेत मित्रांनो!