मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर पंचवल्कल काढ्याचा शेक

मूळव्याध हा संकोचापोटी लपविला जाणारा आजार आहे. रक्तस्राव वाढल्यावरच अनेक रुग्ण आमच्याकडे येतात आणि शस्त्रक्रिया झाली की आपण सुटलो, असे त्यांना वाटते. वस्तुतः खरी शुश्रूषा घरी गेल्यावरच सुरू होते.

मिलिगन व मॉर्गन या शल्यचिकित्सकांनी १९३७ साली लंडनमध्ये मांडलेल्या पद्धतीत कोंब काढल्यावर जखम टाके न घालता उघडी ठेवतात. ती भरून येण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. रोजच्या शौचामुळे ती मलिन होत असल्याने शौचानंतर धुणे अत्यावश्यक ठरते.

सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या व्रणोपचाराच्या ६० उपक्रमांत काढ्याचाही समावेश आहे. वड, उंबर, पिंपळ, पायर व पारस पिंपळ या पाच वृक्षांच्या सालींचा काढा म्हणजे पंचवल्कल. सालींतील तुरट द्रव्ये जखमेतील स्राव आवरण्यास साहाय्य करतात. कोमट काढ्यात बसल्याने गुदद्वाराचे आकसलेले स्नायू सैलावून वेदना उतरते. लहान अभ्यासांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी हा उपाय शल्यचिकित्सकांच्या औषधांना पूरक आहे, पर्याय नव्हे.

येथे आमच्या एका उणिवेची नोंद करणे आम्ही कर्तव्य मानतो. पूर्वी घरी जाताना रुग्णांस केवळ तोंडी सूचना दिल्या जात. एका वृद्ध रुग्णाच्या घरी आठवड्याचा काढा एकदाच करून ठेवला गेला. तो आंबला व जखम चिघळली. त्यानंतर आम्ही मराठी व गुजराती भाषांत छापील सूचनापत्र सुरू केले. त्यातील मुख्य सूचना अशा :

१. काढा रोज ताजा करावा, स्वच्छ सुती फडक्यातून दोनदा गाळावा.
२. तो सोसेल इतकाच कोमट असावा. पसरट टबात १० ते १५ मिनिटे बसावे. मधुमेही रुग्णांचा काढा घरच्यांनी हात लावून पाहावा.
३. नंतर जखम न घासता टिपून कोरडी करावी.
४. रस्त्याकडेच्या झाडांची साल काढू नये. औषधी भरड वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावी.
५. ताप, पू, लघवी अडणे वा वाढता रक्तस्राव दिसल्यास तत्काळ रुग्णालयात यावे. दुसऱ्या आठवड्यातही रक्तस्राव होऊ शकतो.

हिशेबाच्या वहीत सालीच्या भरडीचा खर्च अल्प दिसतो. मोल आहे ते रोज काढा उकळून गाळणाऱ्या घरच्या माणसांच्या चिकाटीचे. एकट्या राहणाऱ्या रुग्णांस ही सेवा रुग्णालयातच मिळावी, अशी आमची इच्छा आहे. देणगीदारांनी व विश्वस्तांनी त्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.