स्वस्त कीबोर्डाची पारख

आमच्या मालवण किनाऱ्यावर भजनास व दशावतारास पेटीची साथ फार दिवसांची आहे. आतां तिच्या शेजारीं विजेचा कीबोर्डही येऊन बसला आहे. पालकांनीं कष्टाचा पैसा त्यांत घालण्यापूर्वीं त्याची पारख कशी करावी, याचा येथें विचार करूं.

विक्रेता प्रथम आवाजांची व तालांची संख्या सांगतो. १९८० सालच्या पहिल्या कॅसिओटोनमध्यें अवघे २९ आवाज होते. आज साध्या कीबोर्डांतही शेंकडों असतात. म्हणून संख्येवरून मोल ठरवूं नये.

पट्ट्या ६१, म्हणजे पांच सप्तकांच्या, आहेत काय, हें आधीं पाहावें. मग एकच पट्टी हळू व जोरानें दाबावी. पेटींत जें भात्यानें साधतें, तें येथें बोटांनींच साधावें लागतें. आवाज लहानमोठा होत नसेल तर बोटांस भाव कसा कळावा? ताल चालू ठेवून पुष्कळ स्वर एकदम धरावे. आधींचे तुटतां कामा नयेत. पावसाळ्यांत वीज जाते, यास्तव तो सेलांवर चालतो कीं नाहीं, हेंही विचारावें.

मात्र एक गोष्ट यंत्रांतील ठेक्यास सहसा साधत नाहीं. बुवांनीं लय वाढविली कीं मृदंग त्यांच्यामागें धांवतो; यंत्राचा ठेका सहसा लावलेल्या लयींतच चालत राहतो. म्हणून विद्यार्थ्यांनीं ताल बंद करून, एकच साधा आवाज लावून, त्याबरोबर गाऊन पाहावें. अर्धा तास ऐकूनही जो आवाज कानास टोंचत नाहीं, त्याच वाद्यास पैसे द्यावे.