फवारणी पंपाचे इंजिन सुरू होत नसेल तर

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. या किडीच्या अंड्यांतून दोन-तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात. लहान असतानाच त्यांचे नियंत्रण सोपे असते. मोठी अळी पोंग्यात शिरून विष्ठेआड दडते आणि फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे ऐन वेळी पंपाचे इंजिन अडले, तर त्याची किंमत पिकाला मोजावी लागते.

पाठीवरच्या दोन-स्ट्रोक पेट्रोल पंपाची तपासणी पुढील क्रमाने करावी.

१. बंद करण्याची कळ, पेट्रोलचा कॉक व चोक योग्य स्थितीत आहेत का, ते पाहावे.

२. गेल्या हंगामातील पेट्रोल काढून टाकावे. त्यातील इथेनॉल ओलावा शोषून घेते. ताज्या पेट्रोलमध्ये ऑइल पुस्तिकेतील प्रमाणातच मिसळावे. २५:१ प्रमाण असल्यास लिटरला ४० मिलि.

३. दोरी काही वेळा ओढून प्लग काढावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही, असे समजावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, गाळणी व कार्ब्युरेटरचे जेट साफ करावे. प्लग ओला असल्यास पुसून वाळवावा आणि कॉक व चोक बंद ठेवून दोरी ओढावी, म्हणजे साचलेले पेट्रोल निघून जाईल.

४. सांडलेले पेट्रोल पुसावे. प्लग टोपीत बसवून, त्याच्या छिद्रापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवावा व दोरी ओढावी. ठिणगी न दिसल्यास नवा प्लग लावून पाहावा. तरीही न दिसल्यास मेकॅनिककडे जावे.

५. शेवटी हवेची गाळणी व सायलेन्सर पाहावा.

शेवटची पायरी सहसा विसरली जाते. बेंगळुरूतील इंदिरानगरात माझ्या घरी ठेवलेला पंप असाच अडला होता. पेट्रोल ताजे, ठिणगीही चांगली. पण सायलेन्सरच्या तोंडाला कुंभारीण माशीने मातीचे बूच लावले होते. आत पिलांसाठी साठवलेल्या लुळ्या अळ्या होत्या. ही माशी अळ्यांची शिकार करणारी, म्हणजे आपली मित्रच. तिला मारू नये. पंप ठेवताना सायलेन्सरचे तोंड कापडाने बांधावे आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ते आठवणीने सोडावे.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप चालवून पाहावा. इंजिन सुरू झाल्याशिवाय कीटकनाशक कालवू नये. तयार केलेले द्रावण त्याच दिवशी वापरावे लागते.