यकृतातील मेद आणि पायांतील दम

पचनसंस्था शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे की, यकृताचे वजन सुमारे दीड किलो असते व ते उजव्या बाजूस बरगड्यांखाली असते. स्वतःच्या यकृताचा विचार मात्र कधी केला नव्हता. गेल्या वर्षी मूतखड्याच्या शंकेने सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण 'यकृतात मेद, श्रेणी दुसरी' असा शेरा आला. मी अंगाने काटकुळा. स्टाफरूममध्ये मला काडीपैलवान म्हणतात. दारूला कधी शिवलो नाही. मग हा मेद आला कोठून?

याचे उत्तर शोधता शोधता मी मांडीच्या स्नायूंपाशी येऊन पोचलो. भात-भाकरीची साखर होऊन ती रक्तात उतरते. तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेथे ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण ४०० ग्रॅम साखर साठते. यकृतात जेमतेम १००. बैठ्या माणसाची ही कोठारे क्वचितच रिती होतात आणि स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात. मग इन्शुलिन अधिकाधिक स्रवते, जादा साखर यकृताकडे वळते व यकृत तिचा मेद बनवते. हा मेद साचत गेला की मधुमेहाची वाट मोकळी होते. काहींच्या यकृताला सूज येऊन पुढे ते कठीणही होते.

आता चालण्याचे काय ते पाहू. स्नायू आकुंचन पावू लागला की साखर आत घेणारी त्याची दारे इन्शुलिनच्या हाकेवाचूनही उघडतात. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०११ साली सडपातळ पण इन्शुलिनला दाद न देणाऱ्या तरुणांना ४५ मिनिटे व्यायाम करायला लावून मग पिष्टमय आहार दिला. तेवढ्या एका खेपेने यकृतातील नव्या मेदाची निर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी घटली! सिडनीत २००९ मध्ये लठ्ठ व्यक्तींना चार आठवडे सायकल चालवायला दिली. त्यांचे वजन हलले नाही, पण यकृतातील मेद २१ टक्क्यांनी उतरला. वजनकाट्यावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दम हा काही अंशी रक्तातच असतो, हेही खरे. ब्रिटन व कॉख या अमेरिकन शास्त्रज्ञांनी धावण्याच्या क्षमतेवरून निवड करून उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या. कमी दमाच्या वंशातील उंदरांना कसलीही तालीम दिली नव्हती, तरी त्यांच्या यकृतात मेद अधिक आढळला आणि तो जाळणाऱ्या तंतुकणिकांची कार्यशक्ती उणी आढळली. आपल्याकडचीही एक गोष्ट सांगायला हवी. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिले की, आपली नवजात बालके दिसायला किरकोळ असली तरी त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने मेद जास्त असतो. तेव्हा 'मी तर बारीकच आहे' ही माझी घमेंड जन्मापासूनच पोकळ होती म्हणायची.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कितीजण गल्लीच्या तोंडाशी जायलाही गाडीला किक मारता, ते मी गॅलरीतून पाहतो. विशीतल्या यकृताला दुखणे बोलून दाखवता येत नाही. माझेही कधी दुखले नाही.

मी आता पहाटे व्हॅक्सिन डेपोत चालायला जातो. सोबतीला कन्नड विभागातील एक स्नेही असतात. बोलता यावे पण गाता येऊ नये, असा वेग ठेवावा म्हणतात. स्नेह्यांच्या वेगाने मला पहिले दोन महिने बोलताही येत नव्हते, त्यामुळे माझे कन्नड सुधारायचे राहून गेले. कुंदा मी सोडलेला नाही, वाटी तेवढी लहान केली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. वजन तेच होते, पण श्रेणी पहिली. परीक्षेचे पेपर तपासण्यात उभा जन्म गेला. स्वतः दुसऱ्या वर्गातून पहिल्यात मात्र प्रथमच आलो.